गाडी कुणाची, काम कुणाचं

२२ एप्रिल २००३. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवर घरून निघाला. कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना अपघात झाला आणि तो दगावला. मागे पत्नी, चार मुलं आणि म्हातारी आई. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केलं. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. माणूस अजून कामावर पोचलाच नव्हता, मग हा अपघात नोकरीच्या ओघात झाला असं कसं म्हणायचं, हा त्यामागचा विचार. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी तो निर्णय फिरवला आणि आयुक्तांचा आदेश पुन्हा लागू केला. मधे बावीस वर्षं गेली होती.

सर्वोच्च न्यायालयाने घटनेकडे रखवालदाराच्या बाजूने पाहिलं. पहाटे तीनला हजर व्हायचं नसतं, तर तो त्या वेळी त्या रस्त्यावर कशाला असता? वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळत असेल, तर कामावर जातानाचा अपघातही नोकरीतलाच धरायचा, असं न्यायालयाने सांगितलं. निकाल न्याय्य आहे. पण तो गाडीवर बसलेल्या माणसापुरता आहे. त्या पहाटे त्याच मोटारसायकलखाली रस्त्याकडेने चालणारं कुणी आलं असतं तर? आणि तो पाळीला जात नसून कारखान्यानेच त्याला तालुक्याच्या बँकेत पाठवलेलं असतं तर? जखमीच्या घरच्यांनी पैसे कुणाकडे मागायचे? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या नंबर प्लेटवर शोधलं जातं. काम कुणाचं होतं, हे विचारलंच जात नाही.

"स्वतःची टू-व्हीलर व लायसन्स आवश्यक." कुठल्याही जिल्हा दैनिकाच्या छोट्या जाहिराती चाळल्या तर ही ओळ सापडतेच. औषध कंपनीचा एमआर, वसुलीला फिरणारा माणूस, एसी दुरुस्त करणारा, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारा, बांधकामावरचा सुपरवायझर, पार्सल पोचवणारा पोरगा, या सगळ्यांकडून नोकरी देतानाच गाडी मागितली जाते. म्हणजे गाडी हे धंद्याचं हत्यार झालं. सुताराला कारखाना करवत देतो. इथे मात्र करवत घरून आणायची, आणि ती कुणाला लागली तर निस्तरायचंही घरच्यांनीच.

महिनाअखेरीला हा माणूस एक कागद भरतो. तारीख, कुठून, कुठे, किती किलोमीटर, दर, एकूण. कराड ते पाटण, पाटण ते ढेबेवाडी, परत कराड. खाली त्याची सही, शेजारी साहेबांची सही, मग अकाउंट्सचा शिक्का. पेट्रोलचे पैसे पगारासोबत जमा होतात. या कागदाकडे हिशेबनीस खर्चाचं व्हाउचर म्हणून पाहतो. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर हा कंपनीने स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी दिलेला जबाब आहे: अमुक तारखेला अमुक रस्त्यावर ही गाडी आमच्या कामासाठी धावत होती, आम्हाला ते माहीत होतं आणि आम्ही त्याचे पैसे मोजले. कागदावर किलोमीटरचा रकाना असतो. त्या गाडीचा विमा चालू आहे की संपलाय, याचा रकाना जवळपास कुठेच नसतो.

आता त्या गाडीची पॉलिसी उघडून पाहावी. हप्ता किती आणि गाडीची किंमत किती धरली, एवढंच पाहून लोक ती डिकीत टाकतात. त्याच कागदांत 'वापराच्या मर्यादा' असा एक लहानसा परिच्छेद असतो. २००२ च्या मोटार टॅरिफपासून त्याचे शब्द जवळपास तेच राहिले आहेत. खासगी गाडी कुठल्याही कामासाठी वापरा, पण भाड्याने किंवा मोबदला घेऊन नको, शर्यतीत नको, आणि मालवाहतुकीसाठी नको. मालवाहतुकीला दोन सवलती आहेत, वैयक्तिक सामान आणि नमुने. 'नमुने' हा शब्द तिथे ज्याने घातला, त्याच्या डोळ्यांपुढे बॅग घेऊन फिरणारा विक्रेताच असणार. त्यामुळे एमआर त्याच्या नमुन्यांच्या पिशवीसह या वाक्यात बसतो. मागच्या सीटला दोरीने दोन खोकी बांधून दुकानाचा माल पोचवणारा मुलगा बसत नाही. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, विमा एकाच दराचा, आणि दोघांनाही या ओळीचा पत्ता नसतो.

मर्यादा मोडली म्हणून जखमीला वाऱ्यावर सोडता येत नाही, ही आपल्या मोटार कायद्याची मोठी जमेची बाजू आहे. 'आधी भरा, मग वसूल करा' हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरण सिंग प्रकरणात नीट मांडलं आणि मोटार अपघात दावे चालवणारी ट्रिब्युनलं ते रोज वापरतात. विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि नंतर अट मोडणाऱ्या गाडीमालकाच्या मागे लागते. वाचायला हे सोयीचं वाटतं. पण वसुली ज्याच्याकडून व्हायची तो गाडीमालक कोण असतो?

बऱ्याचदा वडील. पोराला नोकरी लागावी म्हणून वडिलांनी कर्ज काढून गाडी घेतलेली असते, नाहीतर त्यांचीच जुनी गाडी तो चालवत असतो. आरसी बुकावर नाव त्यांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की गाडी विकून हात बदलले तरी नोंदणी बदलेपर्यंत जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच. नियम कडक आहे आणि त्यामागे कारणही आहे: जखमीने खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरायचं का? पण कंपनीच्या कामाच्या फेरीला हा नियम लावला की निकाल विचित्र लागतो. ज्याने फेरी सांगितली, ज्याला फेरीचा नफा मिळाला आणि ज्याने पेट्रोलच्या कागदावर सही केली, तो कुठेच दिसत नाही. ज्यांचा त्या फेरीशी काडीचा संबंध नाही, त्या निवृत्त कंडक्टरच्या किंवा शेतकऱ्याच्या नावाने नोटीस निघते.

यात ट्रिब्युनलची चूक नाही. कलम १६८ मध्ये भरपाई कुणी द्यायची याची यादीच तीन नावांची आहे: विमा कंपनी, मालक, चालक. गाडी कामावर धाडणारा त्यात नाही.

मालकावर नोकराच्या चुकीची जबाबदारी येते, हे तत्त्व मात्र आपल्या न्यायालयांना अजिबात नवं नाही. त्याचा एक महत्त्वाचा निकाल विदर्भातल्या रस्त्यावर घडलेल्या घटनेचा आहे. १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्ता सोडून उजव्या बाजूच्या झाडावर आदळली. धडक एवढी जबर होती की इंजिन जागेवरून फूटभर मागे सरकलं, स्टिअरिंग मागे रेटलं गेलं आणि आतली माणसं जागीच गेली. गाडी रणजित जिनिंग अँड प्रेसिंग या कंपनीची, चालवणारा कंपनीचा मॅनेजर, आणि मरण पावलेल्यांत एक असा गृहस्थ ज्याला मॅनेजरने सोबत घेतलं होतं. कंपनीचं म्हणणं असं की त्याला गाडीत घेणं हे कंपनीचं काम नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये कंपनीलाच जबाबदार धरलं. मॅनेजर कंपनीच्या कामासाठी निघाला होता, सोबत कुणाला घेणं त्याच्या अधिकारात होतं, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी झाडावर जाऊन आदळते यातच निष्काळजीपणाची साक्ष आहे, असं न्यायालयाने म्हटलं. निकालात एक बारीक गोष्ट आहे जी आजही टोचते. विमा कंपनीचा वाटा पॉलिसीप्रमाणे १५ हजार रुपयांपुरताच होता. त्यावरचं देणं जिनिंग कंपनीच्या अंगावर आलं.

ती गाडी कंपनीची होती. गाडी नोकराची असती तर? त्याचं उत्तर १९४२ चं आणि कॅनडाचं आहे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या टोरांटोतल्या एका कारागिराला दुसऱ्या स्टेशनवर कुलपाच्या कामासाठी जायचं होतं. तो स्वतःच्या मोटारीने निघाला. मोटारीचा विमा नव्हता आणि वाटेत त्याने एकाला जखमी केलं. रेल्वेकडे बचाव तयार होता: विमा नसलेली स्वतःची गाडी कामासाठी वापरू नये, अशा लेखी नोटिसा तिने कर्मचाऱ्यांना आधीच दिल्या होत्या. तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने तो बचाव फेटाळला. कंपनीने गाडी चालवायला मनाई केली नव्हती, विम्याशिवाय चालवायला केली होती. म्हणजे काम कसं करावं याची ती सूचना झाली. सूचना मोडली म्हणून काम कंपनीचं राहिलं नाही, असं होत नाही. रेल्वेला भरपाई द्यावी लागली.

आपल्याकडच्या एचआर विभागांनी हा निकाल चौकट करून भिंतीवर लावावा. "कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या वाहनाचा विमा स्वतःच्या जबाबदारीवर अद्ययावत ठेवावा" या परिपत्रकावर आज शेकडो कंपन्या निर्धास्त आहेत. असं परिपत्रक १९४२ मध्येच निकामी ठरलं आहे.

अमेरिकेत जबाबदारीतल्या या भोकाला विम्याचं ठिगळ लावलं गेलं. तिथल्या व्यावसायिक मोटार पॉलिसीत संरक्षणाच्या प्रकारांना अंक दिलेले असतात. आठ म्हणजे धंद्याने भाड्याने, लीजवर किंवा उसन्या घेतलेल्या गाड्या. नऊ म्हणजे धंद्याच्या मालकीच्या नसलेल्या, पण धंद्याच्या कामासाठी वापरलेल्या गाड्या, ज्यात नोकरांच्या स्वतःच्या गाड्या आल्या. कामावर असलेल्या नोकराच्या गाडीने कुणाला इजा झाली, तर आधी नोकराची स्वतःची पॉलिसी पैसे देते आणि ती संपली की मालकाची पॉलिसी पुढे येते. स्वतःची एकही गाडी नसलेलं छोटं ऑफिससुद्धा हे कव्हर घेतं, कारण फाइल पोचवायला, बँकेत जायला, डबे आणायला कुणीतरी गाडी काढणारच हे गृहीत आहे. ब्रिटनमध्ये खासगी गाडीच्या पॉलिसीतच फिरण्यासाठी, कामावर जाण्या-येण्यासाठी आणि धंद्याच्या कामासाठी असे वेगवेगळे वापर लिहिलेले असतात. कर्मचाऱ्यांच्या अशा गाड्यांना तिथे 'ग्रे फ्लीट' म्हणतात: कंपनीच्या हिशेबात नसलेला, पण कंपनीसाठी धावणारा ताफा.

हा शहाणपणा अमेरिकेला फुकट मिळालेला नाही. डॉमिनोजने तीस मिनिटांत पिझ्झा घरी पोचवण्याची हमी दिली होती आणि डिलिव्हरी करणारे बहुतेक जण स्वतःच्या गाडीने जात. सेंट लुईस शहरात १९८९ मध्ये अशाच एका चालकाने सिग्नल तोडून एका महिलेच्या गाडीला धडक दिली. डिसेंबर १९९३ मध्ये ज्यूरीने कंपनीवर जवळपास ७.९ कोटी डॉलरचा बोजा टाकला. त्यातली बहुतेक रक्कम दंडात्मक होती. नंतर तडजोडीत रक्कम पुष्कळ खाली आली, पण निकालानंतर काही दिवसांतच कंपनीने तीस मिनिटांची हमी मागे घेतली. गाडी त्या मुलाची होती, घड्याळ मात्र कंपनीचं होतं, आणि ज्यूरीने घड्याळाच्या मालकाला पकडलं. वेळेची घाई धंद्याने ठरवलेली असेल तर घाईतून येणारी इजाही धंद्याच्या खर्चात धरली पाहिजे. आज पुण्यामुंबईत मोबाइलवर मिनिटं मोजत फिरणाऱ्या मुलांकडे पाहताना हा निकाल आठवावा असा आहे.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर हिंजवडीत काय होतं तेही पाहू. अमेरिकी ग्राहकाबरोबर करार करताना आयटी कंपनीपुढे विम्याच्या अटींचं पान येतं. 'भाड्याच्या आणि मालकीबाहेरच्या वाहनांची जबाबदारी' ही त्यातली नेहमीची अट. कंपनी ती निमूटपणे पुरी करते, कारण तिचा इंजिनिअर न्यू जर्सीत विमानतळावरून भाड्याची मोटार घेऊन ग्राहकाकडे जाणार असतो. म्हणजे आपल्या कंपन्यांना या विम्याचं नाव, त्याचं काम आणि त्याची किंमत तिन्ही ठाऊक आहे. पण त्याच कंपनीचा फॅसिलिटीचा मुलगा ॲक्टिवावर बसून चाकणला सुटे भाग आणायला जातो, त्याच्यासाठी ते घेतलं जात नाही. न्यू जर्सीचा ग्राहक करारात लिहून मागतो. चाकणच्या रस्त्यावर चालणाऱ्याचा कुणाशी करार नसतो. कंपनीची सर्वसाधारण जबाबदारीची पॉलिसी कामी येईल असं वाटत असेल, तर तिच्या वगळलेल्या बाबींमध्ये मोटारवाहन असतं.

भाड्याच्या गाड्यांचं चित्र थोडं वेगळं आहे, कारण तिथे न्यायालयांनी पुष्कळ विचार केलेला आहे. राजस्थान एसटी महामंडळाने खासगी मालकाकडून चालकासकट बस भाड्याने घेतली आणि अपघात झाला. बस कुठून कुठे जायची, चालकाने काय करायचं हे महामंडळच ठरवत होतं, म्हणून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळावर जबाबदारी टाकली. निवडणुकीच्या कामासाठी सरकारने ताब्यात घेतलेल्या गाडीबाबत २००८ मध्ये तसंच ठरलं: ताबा सरकारचा, म्हणून जबाबदारी सरकारची. २०११ मध्ये उत्तर प्रदेश महामंडळाच्या भाड्याच्या बसच्या प्रकरणात न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं. गाडी महामंडळाकडे गेली तेव्हा तिचा विमाही तिच्यासोबत गेला, त्यामुळे हप्ता घेतलेल्या विमा कंपनीला हात झटकता येणार नाहीत.

या निकालांचा आधार नीट पाहिला तर 'ताबा' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. नोंदणी कुणाच्या नावावर आहे याच्या पलीकडे जाऊन, गाडी कुणाच्या हुकुमाने धावत होती हे न्यायालयाने विचारलं. महाराष्ट्रात हा प्रश्न आता रोजचा झाला आहे. एसटीच्या ताफ्यात खासगी मालकांच्या गाड्या आल्या, मुंबईत बेस्टने वेट लीजवर बस घेतल्या, म्हणजे गाडी आणि चालक ठेकेदाराचे, रंग आणि मार्ग बेस्टचा. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात अशीच एक भाड्याची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि किमान सात जणांचा जीव गेला. रस्त्यावर उभ्या माणसाला समोरून येते ती बेस्टची बस दिसते. ठेकेदाराचं नाव त्याला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळतं.

गोव्यात भाड्याच्या गाडीची ओळख पाटीवरून पटते. काळी पाटी आणि पिवळी अक्षरं म्हणजे रीतसर परवान्याची, स्वतः चालवायला मिळणारी गाडी. मोटारींसाठी १९८९ ची आणि दुचाकींसाठी १९९७ ची केंद्रीय योजना त्यामागे आहे. पण गर्दीच्या दिवसांत पांढऱ्या पाटीची खासगी गाडीही सहज भाड्याने मिळते, आणि थोडी स्वस्त पडते. चार मित्र ती घेऊन फिरले तर तो त्यांचा प्रश्न. पण लग्नाचं किंवा कंपनीच्या परिषदेचं कंत्राट घेतलेली मंडळी पाहुण्यांसाठी अशा गाड्या उचलतात, तेव्हा प्रश्न धंद्याचा होतो. भाड्याचा परवाना नसलेली गाडी भाड्याने वापरली, हा बचाव विमा कंपनीला कायद्यानेच दिलेला आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये नाव घेऊन. म्हणजे पांढऱ्या पाटीने वाचवलेले चार-पाचशे रुपये पुढे एखाद्याच्या घरावर जप्ती आणू शकतात.

या सगळ्याला एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेत अशा विम्याची गरज भासते, कारण तिथे नोकराच्या पॉलिसीची मर्यादा तोकडी असते. कॅलिफोर्नियात २०२४ अखेरपर्यंत एका जखमीसाठी किमान १५ हजार डॉलरचं कव्हर पुरेसं मानलं जाई. हॉस्पिटलचं बिल ते दोन दिवसांत ओलांडणार, मग उरलेल्यासाठी मालकाला धरायचं. आपल्याकडे मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी थर्ड पार्टी विम्याला वरची मर्यादाच नाही. पॉलिसी चालू असेल तर ट्रिब्युनल ठरवेल ती सगळी रक्कम मिळते. मग मालकाने आणखी एक विमा घ्यायचा कशासाठी?

आक्षेप बरोबर आहे, पण 'पॉलिसी चालू असेल तर' या चार शब्दांवर उभा आहे. देशातल्या रस्त्यांवरच्या जवळपास निम्म्या गाड्या विम्याविना धावतात आणि त्यात दुचाकींचा वाटा मोठा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेतल्याशिवाय रस्त्यावर येता येत नाही. सहाव्या वर्षी मात्र आठवण करून देणारा शोरूमवाला नसतो. नोकरीसाठी घेतलेली जुनी गाडी बहुधा याच सहाव्या-सातव्या वर्षातली असते. १५० सीसीपर्यंतच्या नेहमीच्या मोटारसायकलचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरानुसार वर्षाला ७१४ रुपये आणि त्यावर कर. तो चुकला, की अमर्याद संरक्षणाच्या जागी शून्य येतं. दुसरं भोक अटी मोडण्याचं, ज्याची वसुली वडिलांपर्यंत पोचते. आणि तिसरं गाडी चालवणाऱ्याचं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली आणि त्यांतले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. त्यांतले कितीतरी त्या क्षणी कुणाचं तरी काम करत होते.

म्हणून अमेरिकी पॉलिसी जशीच्या तशी इथे आणणं हे उत्तर नाही. तिच्यात एक मूळचा दोष आहे. मालकीबाहेरच्या गाड्यांचं ते कव्हर साध्या रूपात फक्त धंद्याला वाचवतं. ज्या नोकराची गाडी आहे त्याला वेगळं कलम जोडल्याशिवाय ते वाचवत नाही, आणि त्याच्या गाडीचं नुकसान तर भरून देतच नाही. आपल्याकडची अडचण उलटी आहे. इथे धंदा सहसा सुटतो आणि सापडतो तो नोकर, नाहीतर त्याचा बाप. त्यामुळे इथला विमा तिघांना सांभाळणारा हवा. रस्त्यावरच्या माणसाला पैसे मिळाले पाहिजेत, गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडून होणारी वसुली थांबली पाहिजे, आणि गाडीवरच्या नोकराला इजा झाली तर ती नोकरीतली इजा धरली गेली पाहिजे. शेवटच्या मुद्द्याला रखवालदाराच्या निकालाने पाया घालून दिला आहे.

छोट्या दुकानदाराला हे झेपेल का, असं विचारलं जाईल. किराणा दुकानात एक पोरगा आणि एक गाडी, त्याला कुठली पॉलिसी? पण असा विमा प्रत्येक गाडीवर नव्याने उतरवायचा नसतो. गाडीची स्वतःची पॉलिसी आधी कामी येते. मालकाच्या वाट्याला उरतात ती भोकं, आणि त्यांचा हप्ता माणसांच्या संख्येवर व कामाच्या स्वरूपावर ठरवता येतो. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये जितकी गाडी चालवाल तितका हप्ता, आणि एकाच माणसाच्या अनेक गाड्यांना मिळून एक पॉलिसी, असे पर्याय मोकळे केले. म्हणजे गाडी आणि पॉलिसी यांची जुनी गाठ सैल करणं शक्य आहे, ते केलेलंही आहे. फक्त तिथे गाठ गाडीमालकाच्या सोयीसाठी सैल झाली. आता ती कामाच्या बाजूने सैल करायची आहे.

दुसरी भीती जास्त खरी आहे. जबाबदारी वाढली की कंपन्या नोकर ठेवायच्याच बंद होतील, आणि सगळ्यांना 'पार्टनर' म्हणतील. हे घडतं आहेच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार असे शब्द कायद्यात आणले आणि ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा त्यांच्या कल्याणासाठी द्यावा अशी तरतूद केली. पण तो पैसा कामगाराच्या कल्याणाचा. पार्टनरच्या गाडीखाली आलेल्या आजोबांचा त्यात उल्लेख नाही. म्हणूनच हा विमा 'नोकर' या शब्दाला बांधून उपयोगी नाही, तो फेरीला बांधायला हवा. ऑर्डर कुणी दिली, वेळ कुणी ठरवली, पैसे कुणी मोजले, हे ॲपच्या सर्व्हरवर सेकंदासह नोंदलेलं असतं. एमआरच्या पेट्रोलच्या कागदापेक्षा तो पुरावा कितीतरी पक्का आहे. राजस्थानच्या बसला लावलेली ताब्याची कसोटी इथे लावली, तर 'आम्ही फक्त जोडून देतो' या म्हणण्याला फार आधार उरत नाही.

यासाठी लागणारे शब्द मोटार वाहन कायद्यात आधीच आहेत. कलम १४६ म्हणतं की विम्याशिवाय कुणी सार्वजनिक जागी गाडी वापरू नये, आणि दुसऱ्या कुणाला वापरायला लावू नये किंवा वापरू देऊ नये. कलम १९६ ची शिक्षाही तशीच: चालवणाऱ्याला आहे, आणि चालवायला लावणाऱ्याला व चालवू देणाऱ्यालाही आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'चालवायला लावणं' म्हणजे काय, याचं 'टू-व्हीलर आवश्यक' ही जाहिरात आणि पेट्रोलचं व्हाउचर यांहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. तरीही नाक्यावर पावती फाडली जाते ती गाडीवरच्या पोराची.

कलम १६८ च्या यादीत चौथं नाव घालायला संसदेची दुरुस्ती लागेल, आणि ती व्हायला हवी: ज्याच्या कामासाठी गाडी धावत होती तो. तोवर काही गोष्टी उद्यापासून होऊ शकतात. विमा नियामक अशा कव्हरचा साधा, एकसारखा नमुना ठरवून देऊ शकतो. सरकारी खाती आणि महापालिका आपल्या ठेकेदारांकडून निविदेतच ते मागू शकतात, जसा न्यू जर्सीचा ग्राहक हिंजवडीकडून मागतो. ट्रिब्युनलपुढे दावा लावणारे वकील अर्जात गाडीमालकाशेजारी कंपनीचंही नाव लिहू शकतात आणि पेट्रोलची व्हाउचरं मागवून घेऊ शकतात. आणि कराडच्या त्या ऑफिसात, किलोमीटरच्या रकान्याशेजारी पॉलिसीची मुदत लिहायला एक रकाना वाढवता येतो. मुदत संपलेली दिसली, तर साहेबांनी सही करण्याआधी ७१४ रुपये कंपनीच्या खात्यातून भरावेत आणि मगच पोराला पाटणला पाठवावं.